तुटक रेघ

गावनकाशावर पायवाट म्हणजे तुटक रेघ.
गाडीवाट असली तर दोन रेघा, शेजारी शेजारी,
जुंपल्यासारख्या.
ही एकटीच.
तीस वर्षं भूमी अभिलेखात अशा रेघा उतरवल्या मी,
आधी टाकाने, मग पेनाने, शेवटी माऊसने,
पण एकीवरही पाऊल ठेवलं नाही.

निवृत्त झाले. गुडघे म्हणाले, बस आता.
म्हणून निघाले.
नाशिकहून सहाची त्र्यंबकची एसटी,
डब्यात दशम्या, लसणाची चटणी,
पिशवीत जुन्या शीटची झेरॉक्स,
घडी पडून पडून
डोंगर नेमका मधोमध विरलेला.

अंजनेरीच्या कड्यावर ऊन पोचलं होतं,
फाट्यावर अजून नव्हतं.
चिमाबाई बेंडकोळी बाजाराचं गाठोडं घेऊन चाललेली.
"कुठं?"
"पलीकडच्या पाड्यापर्यंत. वाटेनं."
"जीप मिळंल की."
"वाटच बघायची आहे."
तिने आधी माझे नवे बूट पाहिले, मग मला.
"बघ मंग," म्हणाली, आणि चालू लागली.

नकाशात डावीकडे विहीर.
"बुजली. माझ्या लग्नाच्या आधी."
नकाशात सरळ. पायाखाली मात्र वाट वळते,
एका कुड्याला वळसा घालते,
कधीतरी इथे आडवा पडलेला दगड
कुणीतरी केव्हाच फोडून नेला,
वळसा तेवढा राहिला.
तो मोजायला आमच्याकडे साखळी नव्हती.

कार्तिक सरत आलेला. गवत कमरेएवढं, पिवळं,
मधून एक माणूस जाईल एवढीच फट.
आईन, हिरडा, करवंदीच्या जाळ्या,
कुठेतरी खाली गुराख्याची एकच शीळ,
तिला उत्तर आलं नाही.
मी तीनदा बसले. चिमाबाई एकदाही नाही,
पण तिन्ही वेळा
तिला गाठोडं नीट बांधायचं होतं.

मग कुंपण.
हिरवी जाळी, काटेरी तार, पाटी: 'व्हॅली व्ह्यू',
आणि खाली बारीक अक्षरात, आत येऊ नये.
वाट जाळीखालून तशीच पुढे गेलेली,
तिला वाचता येत नसावं.
खुर्चीवर पोरगं, पाड्यावरचंच, हिरामण.
"मावशे, मालक नको म्हणतो."
चिमाबाईने गाठोडं उतरवलं.
"आईचा ताप उतरला का रं?"
"उतरला. पर जेवण जात नाही."
"नाचणीची आंबील दे. मीठ जरा जास्ती."
तो ऐकत होता, मान हलवत होता,
आणि हलवता हलवता
त्याने तार वर धरली.

त्या तारेखालून वाकताना आठवलं.
पुनर्लेखनाचं काम. मार्चअखेर. ढीगभर शीटं.
'सदर पायवाटेचा प्रत्यक्ष वापर आढळून येत नाही.
नवीन नकलेत घेऊ नये.'
खाली सही. माझी.
टेबलावर तेव्हा चहा होता, पंखा चालू होता,
वजनाखाली कागद फडफडत होते,
आणि ह्याच वेळी बहुतेक
ही बाई इथून मीठ नेत असणार.

पाठ सरळ केली. चिमाबाई थांबली होती.
"लागलं काय?"
"नाही."
सांगायचं होतं. सांगितलं नाही.
तिने हात पुढे केला, तो धरला,
पुढची उतरण घसरडी होती.

रात्री इंदिरानगरच्या बाल्कनीत
मोज्यातली कुसळं काढत बसले.
एक्केचाळीस मोजली, मग नाद सोडला.
कुंपणाच्या आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं,
एकाच्याही अंगावर गट नंबर नाही.

उद्या कचेरीत जाऊन अर्ज द्यायचा आहे.
तिथे आता नवी मुलगी बसते, ती विचारेल,
पुरावा काय?
बुधवारी पुन्हा जायचं आहे.
चिमाबाईने निघताना हाक मारून सांगितलंय,
येताना दोन किलो जाडं मीठ आण,
अन् जीपनं नको येऊ, उगा पैसे जातात.